काठावरचा लाल टाका

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि साडी नेसलेली बाई समोरून गेली तरी मला ती दिसत नाही. तरीही बेळगावच्या वडगाव भागातल्या शेकडो साड्यांचे काठ मीच काढले आहेत. मी एक जुना प्रोग्राम आहे. संगणकावर चौकटी भरून नक्षी मांडायची आणि कुठल्या ओळीला मागावरचे कुठले धागे उचलायचे ते सांगायचे, एवढेच माझे काम.

माझा जन्म वडगावात विनोदच्या घरी झाला. घरात दोन माग, आणि हा कॉलेजात संगणक शिकणारा. मागांच्या खडखडाटात बसून त्याने मला लिहिले. सगळे त्यानेच लिहिले असे मात्र नाही, उगाच फुशारकी कशाला मारू? जगात कितीतरी लोक आपण लिहिलेले प्रोग्राम सर्वांसाठी उघडे ठेवतात. घ्या, वाचा, बदला म्हणतात. बहुतेकांची अट एवढीच असते, की आमचे नाव पुसू नका. विनोदने असे तुकडे घेतले, प्रत्येकाचे नाव नीट लिहिले आणि मला उभे केले. एक गोष्ट काही केल्या त्याला जमेना. काठ पदराला मिळतो त्या कोपऱ्यावर नक्षी तुटायची. शेवटी एका दुपारी तो चौकटीचा कागद घेऊन शेजारी गेला आणि कोपरा सोडवूनच परत आला. त्या दिवशी माझ्या पोटात त्याने एक ओळ लिहिली: ‘कडेचा लाल टाका काढू नये. आक्का म्हणाली.’

पुढे विनोदला उपेंद्ररावांच्या कंपनीत नोकरी लागली आणि त्याच्याबरोबर मीही तिथे गेलो. मागांसाठी प्रोग्राम विकणारी ती छोटीशी कंपनी. काय ते माझे दिवस होते! विणकर यायचे, कोपरा बघायचे आणि मान डोलवायचे. मग विनोद बंगळूरला गेला. नव्या इंजिनियरांनी माझ्यातली ती सगळी नावे अडगळ समजून काढून टाकली. दर चाळीस ओळींनी काठाच्या कडेला येणारा लाल टाका त्यांना दोष वाटला. तीनदा त्यांनी तो काढला, तीनदा माझा कोपरा बिघडला, आणि तीनदा त्यांनी कुरकुरत तो परत घातला. मला मनातून हसू यायचे.

हसू फार दिवस टिकले नाही. कंपनीने नवा, दिसायला देखणा प्रोग्राम आणला आणि दिवाळीनंतर मला बंद करायचे ठरले. वडगावातले चाळीस माग अजून माझ्यावर चालत होते. त्यांच्या जुन्या संगणकांवर नवा प्रोग्राम उघडतच नव्हता. मी बंद झालो की त्यांचे काठही बंद होणार होते. खरे सांगतो, मला माझ्यापेक्षा त्यांची काळजी लागली होती. बरं, माझीही होती.

तेव्हा भैरवी आली. कंपनीने बाहेरून फुकट घेतलेले काय काय आहे, ते देणाऱ्यांच्या अटी आपण पाळतो का, आणि आपल्याकडचे काय लोकांना देता येईल, हे पाहायला कंपनीने एक कार्यालय काढले होते. कार्यालय म्हणजे एकटी भैरवी, जुन्या सामानाची खोली, एक टेबल आणि दारावर पाटी: ‘मुक्त स्रोत कार्यालय’. बाकीचे लोक त्याला दानधर्म खाते म्हणायचे. भैरवीही हसायची आणि कामाला लागायची.

ती पहिल्याच आठवड्यात उपेंद्ररावांना म्हणाली, “सर, हा जुना प्रोग्राम बंद कशाला करायचा? सगळ्यांसाठी उघडा करूया. विणकरांची मुलंच त्याला सांभाळतील.”

“कर,” उपेंद्रराव म्हणाले. “पण आधी तो कुणाकुणाचा आहे ते शोध. एका ओळीचा जरी मालक विचारायचा राहिला, तरी मी देणार नाही. दिवाळीपर्यंत वेळ आहे.”

भैरवीने माझी ओळ न् ओळ वाचली. इतक्या मायेने मला कुणी वाचले नव्हते. पुसलेली नावे तिने शोधून परत लिहिली, त्या लोकांना माफीची पत्रे पाठवली. सगळ्यांचा पत्ता लागला. राहिली फक्त ‘आक्का म्हणाली’ ही एक ओळ. तिने बंगळूरला विनोदला फोन लावला.

“कुठली आक्का?”

पलीकडून विनोद म्हणाला, “शेजारच्या दुर्गाआक्का. कोपरा त्यांचाच हाय. मी कंपनीत सांगितलंच न्हाय कधी. त्यांना पण न्हाय.”

भैरवी मला लॅपटॉपमध्ये घालून दुर्गाबाईंच्या घरी घेऊन गेली, म्हणून पुढचे मी माझ्या कानांनी ऐकले. वीज गेलेली, माग बंद. दुर्गाबाईंनी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवून टाके मोजले.

“ह्यो माझा कोपरा हाय.”

“हो आक्का. कंपनीनं तो अकरा वर्षं विकला. तुम्हाला कुणी विचारलं नाही.”

“मग आता कशाला इचारतीस?”

“आता सगळ्यांना द्यायचाय. कुणीही घ्यावा, बदलावा.”

“द्यायचं मला नवं न्हाय गं,” दुर्गाबाई म्हणाल्या. “सात जणींना शिकवलंय मी. नक्षी बदला, रंग बदला म्हटलं. पर कडेचा लाल टाका काढायचा न्हाय. आमच्या सासूबाई, जयाबाई, तेच्यावर मोजून कोपरा वळवायच्या. त्यो टाका त्येंचा. तुमच्यातल्या कुणी काढलता का त्यो?”

भैरवी खोटे बोलली नाही. “तीनदा काढला.”

दुर्गाबाईंनी लॅपटॉप अलगद पुढे सरकवला. “मालकाला येऊ दे. त्यानं इचारू दे.”

मित्रांनो, मी आशा सोडली. उपेंद्रराव कुणाच्या दारात जाणारे नव्हते. भैरवीने त्यांना निरोप सांगितला, त्याला आठ दिवस झाले. दिवाळी तोंडावर आली. मग एका सकाळी त्यांनी भैरवीला लॅपटॉपसकट गाडीत बसायला सांगितले. दुर्गाबाईंच्या घरात ते खुर्चीवर बसले नाहीत. मागाशेजारी जमिनीवर बसले.

“आक्का, विचारायला फार उशीर झाला. चूक आमची आहे.”

“उशीर झाला, व्हय,” दुर्गाबाई म्हणाल्या. “पर आलास. च्या घे.”

चहा झाल्यावर दुर्गाबाईंनी संमतीच्या कागदावर एकेक अक्षर जपून सही केली. मग बजावले, “सासूबाईंचं नाव आधी घाला.”

त्या दिवाळीला मी बंद झालो नाही, उघडा झालो. माझ्या माथ्यावर आज लिहिलेले आहे: जयाबाई, दुर्गाबाई, विनोद, आणि त्यांच्याखाली दूरदेशीच्या त्या सगळ्यांची नावे. किती जणांच्या उपकारावर मी उभा आहे, हे मला त्या दिवशी कळले. चाळीस माग अजून चालू आहेत. दानधर्म खात्यात आता आणखी दोन टेबले आली आहेत.

म्हणून मित्रांनो, एकच मागणे आहे. दुसऱ्याचे घ्या, जरूर घ्या, कुणी देत असेल तर आनंदाने घ्या. पण एखादी गोष्ट कळली नाही म्हणून तिला दोष समजून खुडून टाकू नका. ती कुणाचीतरी असते.

परवा भैरवी एक साडी घेऊन दुर्गाबाईंकडे गेली. सदलग्याच्या भाग्यलक्ष्मी नावाच्या बाईने मला घेऊन, माझा काठ रुंद करून ती विणली होती. दुर्गाबाईंनी कडेवरून अंगठा फिरवला. लाल टाका होता. दर चाळीस ओळींनी, जिथल्या तिथे. त्याच्या शेजारी एक हिरवा टाकाही होता.

“ह्यो कुणाचा गं?”

“भाग्यलक्ष्मीचा. तिनं तिचा घातलाय.”

दुर्गाबाईंनी साडीची घडी घातली. “असू दे. त्यो बी काढू नका म्हणावं.”

संध्याकाळी भैरवीने मला उघडले आणि विनोदच्या त्या जुन्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहिली: ‘हिरवा टाकाही काढू नये. आक्का म्हणाली.’