मॅक्सीतला फोटो

मी एक जुना मोबाइल आहे; पण मित्रांनो, मला भंगार म्हणायचं काम नाही. काचेला तडा गेलाय, चार्जर वाकडा धरल्याशिवाय पोटात काही जात नाही, तरी मुकुंदवाडीच्या केसरबाईचं घर माझ्यावरच चालतं.

कारखान्यात कुणी घडवलं ते आठवत नाही. शहाणपण मात्र केसरबाईच्या हाताखाली आलं. ती दुसरीत शाळा सोडलेली. अक्षरं जुळवत बसत नाही. बटण दाबते आणि बोलते. तिचा आवाज माझ्यातून निघाला की शेंद्र्यापर्यंतचे सोयरे सावरून बसतात. नवा होतो तेव्हा दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं. पुढं लेकानं मोठा फोन आणला आणि मी कणकेच्या डब्यामागं पडलो. केसरबाईनं मला तिथून काढून परत हातात घेतलं आणि त्याला सुनावलं, "म्हातारं झालं म्हणून टाकता व्हय? मग माझी पाळी कधी?"

एका सकाळी गादीवाले निजामुद्दीनभाई घरी येऊन कापूस पिंजून गेले. निघताना त्यांच्या हातगाडीवरच्या गाठोड्यावर नात श्रेया चढून बसली, उतरेचना. केसरबाई ओढतेय, पोरगी भोकाड पसरतेय, असा फोटो सून तनुजानं माझ्यात काढला.

"स्टेटसला लाव, पण मला काप त्यातून," केसरबाई म्हणाली. "मॅक्सीत बघतील काय सोयरे मला?"

तनुजानं कापलं. उरलं काय? एक माणूस, गाठोडी आणि रडणारी पोर.

दुपारी तोच तुकडा कॉलनीच्या ग्रुपवरून माझ्याकडं परत आला. वर कुणीतरी लिहिलेलं: पोरं पळवणारा आलाय, सावध! मागोमाग निजामुद्दीनभाईंचा फोन. "केसरबाई, स्टेशन के पास लोगां ठेला घेर को खड़े. बोलते, मैं बच्ची चुराया."

"आत्या, अख्खा फोटो पाठवावा लागंल," तनुजा सासूला म्हणाली.

"थांब, साडी नेसते. दुसरा काढ."

"दुसऱ्याचा काय उपयोग? सकाळचाच पाहिजे."

केसरबाईचा अंगठा माझ्यावर अडला. त्या ग्रुपवर तिला वचकून असणाऱ्या साऱ्या बाया होत्या, विहीणबाईसुद्धा.

"पाठव," ती म्हणाली. "मला हसतील, हसू दे. त्या माणसाला मारलं तर कोणतं लुगडं नेसून त्याच्या बायकोपुढं उभी राहू?"

मग माझ्यात बोलली, "नात माझी. मॅक्सीतली बाई मीच. गादीवाल्याला बोट लावलं तर गाठ माझ्याशी हाय. आलेच!" आणि तशीच, मॅक्सीवर, मला मुठीत धरून स्टेशनकडं निघाली.

तिथं तिनं मला एकेकाच्या नाकासमोर धरलं. एकजण पुटपुटला, "काकू, आम्हाला काय माहीत? फोटोत तुम्ही नव्हत्या."

"म्हणून तर आता अख्खी आले."

लोक पांगले. निजामुद्दीनभाई गाडी घेऊन सुखरूप घरी गेले.

मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, पाण्यात पाडू नका, हे तर सगळेच सांगतात. मी एवढंच मागतो: कुणाचं तोंड माझ्यातून पुढं धाडण्याआधी विचारा, उरलेला फोटो कुठं आहे? तो तुकडा अजून फिरतोय; काल दौलताबादहून आला. स्टेटस एका दिवसात पुसला जातो, म्हणून केसरबाई रोज सकाळी तोच अख्खा फोटो नव्यानं लावते. विहीणबाई रोज बघतात.

बघू देत.