वर्तुळाबाहेरचा डाग

‘विमान ठरलेल्या वर्तुळात उभे करून दिशादर्शक सुई तपासली. चूक : शून्य अंश. ढगांतील उड्डाणास कायदेशीररीत्या पात्र.’

उड्डाणशाळेच्या मुख्य प्रशिक्षकांनी स्वाक्षरीनिशी केलेले हे विधान सूनबाईने हँगरच्या दाराशी दोनदा वाचले आणि ती तडक फरसबंदीवर जाऊन गुडघे टेकून बसली. मुख्य प्रशिक्षक तिचे सासरे होते. म्हणून सारी शाळा तिला सूनबाईच म्हणे, यंत्रे तिच्याच हाताखाली चालत असली तरी.

पहिल्या वाक्याबद्दल तिला शंका होती, दुसऱ्याबद्दल खात्री आणि तिसऱ्याबद्दल संताप. शून्य हा आकडा उपकरणांना सहसा साधत नाही. माणसांना मात्र तो चटकन साधतो.

मैदानाच्या कडेला रेडिओकेंद्राचा पांढरा शंकू होता. समोर फरसबंदीवर रंगवलेल्या पिवळ्या वर्तुळातून तो नेमका कोणत्या दिशेला आहे, हे कायमचे ठरलेले. महिन्यातून एकदा विमान त्या वर्तुळात उभे करायचे. सुईने तीच दिशा सांगितली पाहिजे. चार अंशांपर्यंतची चूक कायदा पोटात घालतो. त्यापुढे मात्र ढगांत जायचे नाही, कारण ढगांत वैमानिकाला सुईखेरीज दुसरे डोळे नसतात. शिवाय केंद्र इतके जवळ, की विमान थोडे बाजूला सरकले तरी दिशा बदलते.

हे जुने विमान जिथे थोडा वेळ उभे राहील तिथे तेल ठिबकवी. काल दुपारी फरसबंदी धुतली होती. त्यानंतर विमान बाहेर आले ते केवळ या तपासणीसाठी. आणि वर्तुळ धुतल्या ताटासारखे लख्ख होते. तेलाचा ताजा डाग पडला होता तो पार पलीकडे, गवताच्या काठाशी.

“वहिनी, काय शोधतेस? कानातलं पडलं का?” नणंद विचारत होती. घरात तिला चिमणी म्हणत. आज ढगांतल्या उड्डाणाची तिची परीक्षा होती.

“तुझ्या बाबांची अब्रू पडलीय कुठेतरी. तीच बघतेय.”

“नंतर बघ गं. परीक्षक आलेत. आज हुकलं तर पुन्हा वर्षभर वाट बघायची. आणि ढग बघ, आपल्या घरातल्या कुणापेक्षाही वेळेवर आलेत!”

सूनबाई हसली नाही. “ये, हात लाव. विमान वर्तुळात घेऊ.”

दोघींनी विमान ढकलत आणून पिवळ्या रेघेच्या आत बरोबर मधोमध उभे केले. सूनबाईने केंद्राचे संकेत पकडून सुई हलवणारा रेडिओसेट चालू केला. सुई किंचित थरथरली आणि सहा अंश दूर जाऊन ठाम बसली, जणू दुसरे काही तिला माहीतच नव्हते.

चिमणीचा चेहरा पडला. “सेट तर तूच जुळवलास ना गेल्या आठवड्यात?”

“मीच.”

यातच सगळे आले. आठवडाभर सासरे भेटेल त्याला सांगत होते, सेट आता बाहेर पाठवायला नको, आमच्या सूनबाईच्या हाताला यश आहे. तोंड उघडले तर नणंदेची परीक्षा बुडणार होती आणि सोबत ते यशही. न उघडले, तर ही पोर ढगांत एका खोट्या सुईच्या भरवशावर जाणार होती. सूनबाईने सेट बंद केला नाही. सुई तशीच दिसू दिली.

सासरे परीक्षकांना घेऊन आले. ताठ कणा, इस्त्रीची टोपी. शिकाऊ मुलांना ते वर्षानुवर्षे एकच वाक्य ऐकवत आले होते : डोळे फसवतात, सुई नाही.

“हा कसला डाग?” परीक्षकांनी गवताकडे बोट दाखवले.

“तेलाचा. म्हातारं झालंय विमान, गळायचंच. आमचंही तेच होणार आहे!” सासरे हसले.

“बाबा,” सूनबाई म्हणाली, “सेट मी जुळवला. तो सहा अंशांनी चुकलाय, आणि ती चूक माझी आहे, ती मी लिहून देते. चिमणी आज उडणार नाही. पण काल विमान वर्तुळात उभं नव्हतं.”

चिमणीने मान खाली घातली. पण वहिनीची बाही तिने घट्ट धरली होती. परीक्षकांनी कॉकपिटमध्ये वाकून सुई पाहिली, मग कागद पाहिला.

“मग हे शून्य आणलंत कुठून?”

सासऱ्यांनी टोपी काढली. ते परीक्षकांकडे पाहत नव्हते. ओशाळलेपण त्यांच्या चेहऱ्यावर होते. पण ते सुनेकडे ज्या नजरेने पाहत होते तिला ओशाळी म्हणता आले नसते. आपण आरोपी आहोत याचा त्या नजरेला जणू विसरच पडला होता. कागदावर नंतर उतरवून घेतला गेला तो त्यांचा जबाब शब्दशः असा :

“वर्तुळात क्षणभरच थांबलो, तिथंही सुई सहा अंशांची चूक दाखवत होती. पण सेट आमच्या सूनबाईनं जुळवलेला. तो चुकेल हे मनालाच पटेना. मला वाटलं, रंगवणाऱ्यानं वर्तुळच चुकीच्या जागी काढलं असणार. म्हणून सुई जुळेपर्यंत मी विमानच ढकलत नेलं.”