बिनछापाचा चाकू

तानाबाईनं नवा चाकू उघडला, पात्यावरून अंगठा आडवा फिरवला, एक वांगं उभं चिरलं आणि चाकू मिटून बाळासोच्या पुढ्यात ठेवला.

"बरा हाय," ती म्हणाली.

मग तिनं मिसळणाच्या डब्यामागून आपला जुना चाकू काढला आणि उरलेली वांगी त्यानंच चिरायला घेतली.

बाळासो हातातला चहा तसाच धरून बसला.

"बरा हाय म्हंजे? हरण छाप हाय त्यो. पितळी मूठ. आख्ख्या महाद्वार रोडला दुसऱ्या कुणाकडं न्हाय."

"मग दुकानात ठिवा की. खपंल."

"तुझ्यासाठी आणलाय."

"मग फळीवर ठिवते," असं म्हणून तिनं तो खरंच फळीवर ठेवला. तिथं आधीचा चंद्र छाप होता, गुलाब छाप होता, बाटली उघडायच्या आकड्याचा हिरव्या मुठीचाही एक होता. सगळे एकेकदा वांगं किंवा कांदा चिरून, "बरा हाय" एवढं प्रमाणपत्र घेऊन तिथं जाऊन बसले होते.

महाद्वार रोडवर एका बोळाच्या तोंडाशी बाळासोचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यात थांबावं. अडकित्ते, कात्र्या, वस्तरे सगळंच तो विकायचा, पण त्याचं नाव होतं ते खिशातल्या चाकवांसाठी. देवीला आलेला खेड्यातला माणूस दर्शन झालं की हमखास त्याच्यापुढं उभा राहायचा, आणि बाळासो तीन चाकू उघडून ओळीनं मांडायचा. गुलाब छाप दिसायला देखणा, पण पातं मऊ. दोन-चार ऊस सोलले की धार बसली. चंद्र छापाची धार टिकते, पण स्प्रिंग अशी ताठ की उघडताना नख जातं. हरण छाप जरा महाग, पण मरताना पोराच्या हातात देऊन जाता येईल. "स्वस्तात भागवायचं असलं तर चंद्र न्या, पस्तावायचं असलं तर गुलाब न्या," असं तो म्हणायचा, गिऱ्हाईक हसायचं आणि त्याच्या शब्दावर चाकू घेऊन जायचं. त्याची पारख कधी चुकली असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्या पारखीनं पाहिलं तर तानाबाईचा चाकू कवडीमोलाचा होता. शिंगाच्या मुठीला तडा गेलेला. एक खिळा पडलेला, त्याच्या जागी तांब्याची तार. छाप तर कुठंच नाही. आणि टोकाशी, नखभर जागेत, पातं काळं पडून खाल्ल्यासारखं झालेलं. पोलाद कच्चं, दुकानाबाहेर फुकट ठेवला तरी कुणी उचलणार नाही, असा त्यानं मनातल्या मनात निकाल दिला होता. पण तानाबाई दर आठवड्याला तो दगडावर घासायची, पदरानं पुसायची आणि डब्यामागं ठेवायची. तिच्या माहेरच्या ट्रंकेतून तो निघाला, एवढंच बाळासोला ठाऊक होतं, आणि बरीच वर्षं तेवढ्यानं त्याचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते गेल्या दिवाळीनंतर. बाळासो मोरीत अंघोळीला बसला होता, आणि पत्र्याच्या पलीकडं शेजारची अमीरबी तानाबाईबरोबर लसूण सोलत होती. अमीरबीनं विचारलं,

"एवढा काय गं जीव त्या चाकवावर? कुणी दिला?"

"दिला एका माणसानं."

"कंच्या माणसानं?"

"आता मी नाव घ्यायचं व्हय?"

"मग मी घिऊ?"

"गप की! मोरीत हायती."

आणि दोघी हसल्या. बाळासोनं डोक्यावर ओतायला उचललेला तांब्या हळूच खाली ठेवला. बाहेरचं हसू थांबेपर्यंत तो अंगाला साबण तसाच ठेवून बसून राहिला.

त्या दिवसापासून त्याच्या पोटात जाळ पेटला. चाकू विकणाऱ्याच्या बायकोला चाकू दुसऱ्यानं द्यावा, आणि तिनं तो जपावा! त्यानं घरी चाकू आणायला सुरुवात केली ती तेव्हापासून. सरळ विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला लागलंय हे दाखवायचं, आणि ते त्याच्यानं होईना. त्याऐवजी तो सासुरवाडीला, गडहिंग्लजला गेला की माणसांचे खिसे बघायला लागला. एस.टी. स्टँडवर कुणी पेरू कापायला चाकू काढला तर हा वाकून मूठ बघायचा. समोरचा माणूस बिचारा पेरूची फोड पुढं करायचा.

बघता बघता त्याचा संशय गणपतरावावर येऊन बसला. गणपतराव हा तानाबाईचा आतेभाऊ, गडहिंग्लजमध्ये तंबाखूचा व्यापार करणारा. बाळासोचं स्थळ यायच्या आधी ती ह्या आतेभावालाच द्यायची बोलणी घरात झाली होती. हे काही कुणी लपवलेलं नव्हतं. लग्नात गणपतरावानं स्वतः पंगतीत फिरून बाळासोला आग्रहानं जिलेबी वाढली होती. इतकी वर्षं ती जिलेबी बाळासोला गोड लागत आली होती. आता मात्र एवढा हसून हसून तो का वाढत होता, याचा त्याला छडा लागेना.

आणि वैशाखात एक दिवस तोच गणपतराव दुकानासमोर उभा राहिला.

"काय दाजी, धंदा कसाय?" हातात अक्षतांची पत्रिका होती. "धाकट्या भावाचं लगीन काढलंय. तुम्ही दोघांनीबी यायचं. आणि नवरदेवाच्या हातात धराय एक चाकू द्या."

हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत नवरदेवानं हातात चाकू धरायचा, टोकाला लिंबू खोचायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही. मोठ्या घरांत कट्यारी असतात, बाकीच्यांचं चाकवावर भागतं.

"कंचा दिऊ?" बाळासोनं विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? मी तंबाखू ओळखणारा माणूस. तुमची पारख हाय, तुम्ही द्याल त्यो."

बाळासोचा हात हरण छापावर गेला होता. तो तिथून उचलून त्यानं गुलाब छाप काढला, उघडला, उन्हात धरून चमकवला.

"ह्याच्यासारखा दुसरा न्हाय," तो म्हणाला. एका अर्थानं ते खरंच होतं.

गणपतरावानं घासाघीस न करता चाकू घेतला, खिशात टाकला आणि तानाला नक्की पाठवा असं दोनदा सांगून गेला. बाळासोला दुपारभर बरं वाटलं. संध्याकाळी दुकान आवरताना मात्र वाटेना.

लग्नाला तो गेला नाही. दुकान कुणावर टाकू, म्हणाला. तानाबाई एकटीच गेली. त्या दिवशी घरी येऊन बाळासोनं पहिली गोष्ट कुठली केली असेल तर मिसळणाचा डबा बाजूला सारला. मागं चाकू नव्हता. फळी बघितली, कोनाडा बघितला, भांड्यांच्या पाटीत हात घालून बघितलं. चाकू तिच्याबरोबर गडहिंग्लजला गेला होता. बाळासोनं त्या रात्री भाकरी कोरडीच खाल्ली. फळीवरचे चार चाकू ओळीनं त्याच्याकडं बघत होते, आणि त्यातल्या एकालाही त्यानं हात लावला नाही.

ती परत आली. चाकू पिशवीतून निघून डब्यामागं गेला. बाळासोनं लग्न कसं झालं तेसुद्धा विचारलं नाही.

आठवड्याभरानं गणपतराव तंबाखूच्या कामाला कोल्हापुरात आला तो थेट दुकानावर. खिशातून गुलाब छाप काढून त्यानं फळकुटावर ठेवला. आता हा भांडणार, म्हणून बाळासोनं बाह्या सावरल्या.

"दाजी, टोक तेवढं घासून द्या. नव्या भावजयीनं पाठवलाय."

बाळासोनं चाकू उघडला. पातं अजून नव्यासारखं लखलखत होतं. फक्त टोकाशी, नखभर जागेत, ते काळं पडून खाल्ल्यासारखं झालं होतं.

"ह्याला काय लावलंसा?" त्यानं विचारलं.

"काय लावणार? दोन दिस लिंबात हुतं की. लिंबाचा आंबटपणा सोडतोय व्हय लोखंडाला?" गणपतराव हसला. "तुम्हीबी असाच धरून बसलतासा बोहल्यावर. इसरलासा व्हय?"

बाळासो विसरला होता. विसरला असंही नाही, त्यानं तो चाकू कधी पाहिलाच नव्हता. मूठ त्याच्या मुठीत होती, पातं लिंबात होतं, आणि डोळ्यांवर बाशिंगाच्या माळा. तेव्हा तो गुळाच्या अडतीत हमाली करायचा. चाकू म्हणजे चाकू, एवढंच त्याचं ज्ञान. कुणीतरी हातात दिला, त्यानं धरला.

पण पुढचं त्याला आठवलं. वऱ्हाडाचा ट्रक तवंदीच्या घाटात आला आणि नवरीला गाडी लागली. बायका गाण्यात होत्या, पुरुष झोपेत. नवरी तोंडाला पदर लावून एका अंगाला कलली होती आणि तिच्याशी काय बोलावं, तिला काय म्हणून हाक मारावी, हेही त्याला माहीत नव्हतं. त्यानं टोकाचं लिंबू ओढून काढलं, त्याच चाकवानं त्याची दोन शकलं केली आणि एक तिच्या नाकाशी धरलं. "वास घे," तो म्हणाला. तिच्याशी तो बोललेला तो पहिला शब्द. पुढच्या वळणावर ट्रक हिसकला तेव्हा पडू नये म्हणून चाकू तिनंच घेऊन मिटला, आणि परत काही त्यानं मागितला नाही.

आता मी नाव घ्यायचं व्हय? लग्न झालेली बाई जगात एकाच माणसाचं नाव घेत नाही, हे त्याला मोरीत बसून कळलं नव्हतं.

"दाजी?"

बाळासोनं बारीक पॉलिश-कागद काढला आणि टोक घासायला घेतलं. मग हरण छाप काढून त्याच्या शेजारी ठेवला.

"ह्यो न्या माझ्याकडनं. त्यो कामाचा न्हाय. पातं मऊ हाय त्याचं."

"तुम्हीच म्हणलतासा, ह्याच्यासारखा दुसरा न्हाय."

बाळासोनं घासलेलं टोक पुसलं आणि चाकू मिटला.

"ऱ्हाऊ द्या," गणपतराव म्हणाला. "दुसरा काय घ्यायची न्हाय ती. ह्योसुदीक तुमच्याकडं दिऊ का नगो म्हणून दोन दिस इचार केलाय तिनं." आणि गुलाब छाप खिशात टाकून तो निघाला.

बाळासो त्या दिवशी लवकर घरी आला. खरं तर त्याला हलकं वाटायला हवं होतं, आणि घराच्या वळणापर्यंत वाटलंही. पण उंबऱ्याशी आल्यावर फळीवरचे चार चाकू दिसले आणि जाळ पुन्हा पेटला. गणपतरावावर नव्हे, ट्रकमधल्या त्या पोरावर. त्या येड्याला पातं कळत नव्हतं, स्प्रिंग कळत नव्हती. त्याच्या हातून सुटलेला फुटका चाकू चौदा वर्षं पुसून ठेवला होता, आणि शहरात पारखीसाठी नाव असलेल्या माणसाला मिळत होतं ते "बरा हाय".

तानाबाई पुढ्यात कांदा घेऊन बसली होती. बाळासो तिच्याशेजारी पाटावर बसला.

"गडहिंग्लजला चाकू कशाला न्हेलतास?"

"तवंदीचा घाट लागतोय की वाटंत," ती मान वर न करता म्हणाली. "लिंबू नगो व्हय कापायला?"

बाळासोनं तिच्या हातातून चाकू घेतला. टोपलीतलं एक लिंबू उचललं, त्याची दोन शकलं केली आणि एक तिच्या नाकाशी धरलं.

तानाबाईनं लिंबाकडं बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं, नवा चाकू बघते तसं, सावकाश.

"घरात बसून गाडी लागतीया व्हय मला?"

तिनं त्याच्या हातातलं शकल घेतलं, कांद्यावर पिळलं आणि चाकू परत घेऊन त्याचं टोक पदरानं पुसायला लागली.