चौदा पट्ट्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. इतर पेट्यांच्या सप्तकात बारा पट्ट्या असतात, माझ्या सप्तकात चौदा आहेत. या दोन जादा पट्ट्यांचा मला फार अभिमान आहे.

मला घडवणारा कारागीर कानाचा पक्का आणि स्वभावाचा हट्टी. त्याची बायको गायची. एका शाळेत गाण्याच्या बाईंची जागा निघाली होती आणि परीक्षेत स्वतः पेटी वाजवून गायचं होतं. पण माझा गंधार किंचित चढा होता. तिचा आवाज दर वेळी तिथेच अडखळायचा. सासूबाई म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडे. कारागिराने मात्र कान देऊन ऐकलं आणि अंगण खरोखरच वाकडं असल्याचं कबूल केलं.

मग तो इरेला पेटला. आधी गंधार, मग धैवत, असं करता करता प्रत्येक जुन्या पट्टीशेजारी एक नवी बसवून त्याने माझ्या सप्तकात चोवीस पट्ट्या केल्या. एकेक सूर असा चोख, की मी हुरळून गेले. ती मात्र गाताना बोटांकडेच बघत राहायची आणि शब्द विसरायची. परीक्षा चार दिवसांवर आली होती.

शेवटी ती म्हणाली, "अहो, सगळे सूर खरे आहेत. पण मी पट्ट्याच शोधत बसले, तर गाऊ कधी?"

दुसऱ्या दिवशी त्याने दोन रंगांचे खडू आणले. तिने दहा गाणी आधी जुन्या बारा पट्ट्यांवर गायली. जिथे सूर कानाला टोचला, तिथे तो सुधारणाऱ्या नव्या पट्टीवर त्याने पांढरी खूण केली. मग तीच गाणी चोवीस पट्ट्यांवर झाली. बोट चुकलं की ते चुकवणाऱ्या नव्या पट्टीवर लाल खूण. लालपेक्षा पांढऱ्या खुणा जास्त निघाल्या त्या दोनच पट्ट्यांवर, एक गंधाराची आणि एक धैवताची. बाकीच्या दहा त्याने स्वतःच्या हाताने काढल्या. त्याचे डोळे भरून आले होते. मलाही वाईट वाटलं.

परीक्षेच्या वेळी तो दाराबाहेर उभा होता. माझा कोमल रिषभ जरासा उतरलेला लागला आणि त्याने जीभ चावली. तिने तो सूर गळ्याने नेमका घेतला आणि माझ्याकडे न बघता पुढे गात राहिली. नोकरी तिलाच मिळाली.

तिने मला शाळेत आणलं आणि आता या वर्गात मी सुखात आहे. मित्रांनो, माझ्यावर धूळ बसू देऊ नका, भाता हिसक्याने ओढू नका. माझ्यात थोडं उणं राहिलंय, ते मुद्दाम ठेवलेलं आहे. तेवढं तुम्ही गाऊन भरून काढा.