मागे घेतलेली फळी

मी एक जुनी लाकडी फळी आहे. हसू नका, मित्रांनो. लष्करी प्रबोधिनीत जायची स्वप्ने पाहणारी शेकडो मुलेमुली माझ्या अंगावरून गेली आहेत.

सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केले आणि निवड केंद्राच्या मैदानावर आणून टाकले. तिथे दोन पांढऱ्या रेषा होत्या. मधली जागा म्हणजे नदी, आणि नदीत बुटके खांब. मला खांबावरून खांबावर टेकवत आठ जणांनी दहा मिनिटांत पलीकडे जायचे. कुणाला नाव नाही, छातीवर फक्त नंबर. कडेला खुर्चीत बसलेले परीक्षक चकार शब्द काढत नसत, नुसते वहीत लिहीत.

मोठमोठ्याने हुकूम सोडणारे मी फार पाहिले. उथळ पाण्याला खळखळाट फार! पलीकडे पोचले की मला तिथेच टाकून निघून जात. गरज सरो, वैद्य मरो. चार दिवसांनी नवे नंबर येत आणि मी पुन्हा अनोळखी होई.

एकदा सात नंबरची एक मुलगी माझ्यावर बसून बुटाची नाडी बांधत होती. शेजारच्या चार नंबरला म्हणाली, "ही माझी तिसरी वेळ. आता नाही झालं तर वय संपलं. मग घरी बाबांचं दुकान आहेच."

शिट्टी वाजली. एक नंबरच्या मुलाने सगळ्यांना भराभर पुढे हाकलले. त्या घाईत चार नंबर पहिल्या खांबावरच राहिला आणि यांनी मला पुढे ओढून घेतले. तो बिचारा तिथे एकटाच उभा. दोन मिनिटे उरली होती.

"त्याचं तो बघेल. चला, पोचतोय आपण," एक नंबर म्हणाला.

"कसं बघेल? फळी आपल्याकडे आहे," सात नंबर म्हणाली. "द्या इकडे."

"अगं, तुझीच शेवटची वेळ आहे ना?"

"आहे. म्हणून काय त्याला तिथेच ठेवू? द्या."

तिने मला मागे टेकवले आणि स्वतः जाऊन त्याचा हात धरला. दोघे माझ्या मध्यावर आले तेव्हा मी करकरले, मला तडा गेला. तेवढ्यात शिट्टी झाली. गट नदीतच राहिला. ती खाली उतरून तोंड फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी मैदानावर निकाल पुकारला. त्या गटातून एकच नंबर. सात.

"पण सर, आम्ही पोचलोच नव्हतो," एक नंबर म्हणाला.

"नदी ओलांडायला प्रबोधिनीत शिकवतात," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

सगळ्यांत आधी टाळी चार नंबरने वाजवली. सात नंबर हसत, रडत निघून गेली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

तडा गेल्यामुळे माझी रवानगी कोठीत झाली. माझ्यावर आता रंगाचे डबे असतात. बाहेर शिट्ट्या वाजतात, नवी पोरे ओरडतात. दार मात्र महिनोन् महिने उघडत नाही. फार एकटे वाटते.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस पलीकडे पोचाल. तेव्हा फळी उचलण्याआधी मागे कोण राहिले आहे, तेवढे बघा.