जांभळे खडे

आमच्या सूनबाईंनी गेला आठवडाभर तोंडाला कुलूप घातलं होतं. भाजी खारट झाली तरी हूं नाही, चांगली झाली तरी हूं नाही. मी मुद्दाम तिच्या माहेरावरून दोन टोमणे मारून पाहिले. एरवी फणा काढून उभी राहते. या वेळी मुकाट्याने ताट उचललं आणि धुवायला टाकलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

ती प्रयोगशाळेत संशोधन करते. मी दोन इयत्ता शिकलेली, पण तिचं डोकं खाऊन एवढं समजून घेतलंय: निकेल नावाचा धातू असतो, त्याच्या कणाभोवती सहा जागा असतात, आणि नायट्रोजनवाले रेणू येऊन त्या जागा धरतात. कोण येऊन बसलं त्यावर रंग ठरतो. सूनबाईंनी असा एक भलामोठा नवा रेणू स्वतः बनवला, निकेलच्या हिरव्या पाण्यात घातला, पाणी हळूहळू उडावं म्हणून झाकणाला बारीक भोक पाडून बाटली ठेवून दिली. काही दिवसांनी तळाशी सुंदर जांभळे खडे! नवा पदार्थ म्हणून तिच्या सरांनी परिषदेत जाहीरही करून टाकलं. मीही शेजारणीला दोनदा ऐकवून आले.

पण तो पदार्थ पुन्हा कुणाला बनवता येईना. तिच्याच शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, आमची चष्मेवाली, किती दिवस खपली, तरी बाटलीत हिरवाच गाळ. सर म्हणाले, "तुझ्या हातालाच वळण नाही." सोमवारी तिला या कामातून काढणार होते. काल ती आमच्या स्वयंपाकघरात बसून रडली. सूनबाई तिची पाठ थोपटत होत्या, खिडकीकडे बघत.

ती गेल्यावर मी दार लावलं. "आता बोल."

"काय बोलू, आई?"

"रडणाऱ्याच्या डोळ्यांत न बघता पाठ थोपटणारी मी आजच पाहिली."

ती ओट्याला टेकली. "त्या खड्यांचा एक्स-रे काढला मी. माझा रेणू त्यात नाहीच."

"मग कोण बसलंय?"

"अमोनिया. शेजारी अमोनियाची बाटली उघडी राहिली होती. मीच ठेवलेली. वाफ भोकातून आत गेली. त्यातही नायट्रोजनच ना!"

"म्हणजे मोठ्या पाहुण्यासाठी राखलेल्या खुर्च्यांवर गल्लीतली पोरं येऊन बसली."

ती हसली, आणि हसता हसता तिला हुंदका फुटला. "आता सांगितलं तर सरांची नाचक्की होईल, आई. माझी पदवी हातची जाईल."

"कधी कळलं तुला?"

"मागच्या आठवड्यात."

"आणि त्या पोरीला?"

तिने नकारार्थी मान हलवली.

मी तिचा फोन तिच्यासमोर सरकवला.

"ऐक. बाटली उघडी राहिली, ते मी सोडून दिलं. माझंही दूध उतू जातं. पण तिचा हिरवा गाळच खरा होता, हे एकट्या तुला ठाऊक होतं, आणि तू तिला माझ्या घरातून स्वतःच्या हातांना शिव्या घालत जाऊ दिलंस. पदवी मिळो न मिळो, सून म्हणून तू मला चालशील. पण सोमवार उलटून गेल्यावर तोंड उघडलंस, तर माझ्यासमोर उघडू नकोस. उचल फोन. आधी तिला, मग सरांना."