पाणी खाल्लं

मधुवंतीला ती खुर्ची हवीच होती. कोलकात्यातल्या तिच्या विद्यापीठाच्या लेखन केंद्रात मुलंच मुलांचे निबंध ऐकतात, लिहायला हात देतात. तिसऱ्या वर्षाच्या या बयेनं दोन वर्षं त्याचाच ध्यास घेतला होता. अर्ज झाला, प्रशिक्षण झालं, आता उरली होती एकच चाचणी. खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्याबरोबर अर्धा तास बसायचं आणि केंद्र सांभाळणाऱ्या शर्मिष्ठादी कोपऱ्यातून बघणार. पेन हातात धरायचं नाही, चुका काढायच्या नाहीत, फक्त विचारायचं. लिहिणारा गप्प झाला की तुम्ही नापास!

समोर आली पहिल्या वर्षाची अनुजा. हावड्याची, आणि अहो, चक्क मराठी! निबंध इंग्रजीत होता, घरातल्या भाषेवर. अडखळत वाचता वाचता मध्येच एक मराठी वाक्य आलं, "आई, मला पाणी खायचंय."

आणि मधुवंती फस्सकन हसली.

झालं! अनुजाचा चेहरा एवढासा झाला. "असू दे, मी नंतर येते," असं बंगालीत पुटपुटत तिनं कागद गोळा केले. शर्मिष्ठादींनी वहीत काहीतरी लिहिलं.

"अगं थांब ना," ती घाईघाईनं म्हणाली. "मीही खायचे पाणी!"

खायचीच. बालीगंजच्या शाळेत दिवसभर बंगाली, आणि बंगालीत पाणी खातातच. सुट्टीत साताऱ्याला मंगलाआत्याकडे गेली की काय चैन असायची! अढीतल्या आंब्यांचा वास, दुपारभर पत्ते, अंगणात गाद्या टाकून गप्पा. एकदा उन्हातून धावत येऊन ती ओरडली, "आत्या, मी दोन ग्लास पाणी खाल्लं!" आत्या म्हणाली, "नीट चावून खाल्लंस ना गं?" सगळं घर खो खो हसलं. प्रेमानंच हसलं हो, पण बाबांनी तो किस्सा कोलकात्यात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवला. दहाव्या वर्षी पोरीनं मराठी बोलणंच सोडलं. बाबा मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. आजतागायत. साताऱ्याचं ते अंगण आठवलं की तिला अजून भरून यायचं, आणि तिथं जायला मात्र नको वाटायचं.

हे सगळं आपण अनुजाला बंगालीत सांगतोय हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

"तुझ्या घरी कोण हसलं?" तिनं विचारलं.

अनुजानं मान हलवली. "कुणीच नाही. आता तर बाबाही पाणी खातात. जेवताना मुद्दाम म्हणतात, 'थांब, जरा पाणी खाऊ दे.' म्हणजे मी एकटी पडू नये म्हणून. आई कपाळाला हात लावते."

"हे निबंधात आहे?"

"नाही."

"का नाही?"

अनुजानं पेन काढलं आणि ती लिहायला लागली. अर्धा तास संपला तरी तिनं मान वर केली नाही.

ती गेल्यावर शर्मिष्ठादी म्हणाल्या, "हसलीस ते वाईटच केलंस. पण ती लिहीत बसली. सोमवारपासून ये."

मधुवंतीनं बाहेरच्या जिन्यात उभं राहून बाबांना फोन लावला. विनायकराव बँकेतून निवृत्त झालेले, दुपारी घरीच असायचे. हिंदीतलं वाक्य ओठावर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"बाबा, माझा निवड झाला!"

पलीकडे बाबांनी टीव्ही बंद केला.

"काय म्हणालीस? परत म्हण."

आली का चूक पकडायची वेळ! तिचे कान तापले. "काय चुकलं माझं?"

"तुझं काही नाही गं," बाबा घाईनं म्हणाले. "माझंच चुकलं. तू बोल, मधू. कसंही बोल."